पहिलं गिऱ्हाईक

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न दादरला होतं. आम्ही सगळे पंगतीला बसलो होतो. वाढपी मीठ-लिंबू घेऊन आला, तर साहेबांनी समोरचं ताट उचलून पालथं केलेलं, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि ताट डोळ्यांजवळ धरून बुडावरचा शिक्का वाचणं चाललेलं. वाढपी थांबला. नवरीचे वडील लगबगीनं आले. त्यांना वाटलं, ताट खरकटं निघालं.

"नाही हो, ताट उत्तम आहे," साहेब म्हणाले. "कुठं झालंय ते बघत होतो."

मुलीचे वडील एकदा ताटाकडे, एकदा साहेबांकडे बघत राहिले. आम्हाला सवय होती. आम्ही खाली बघून हसत होतो.

परळच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात साहेब खरेदी अधिकारी होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. त्यांच्यासमोर कुठलीही वस्तू आली की ते दोनच प्रश्न विचारायचे. कुठं झालं? कुणी केलं? माझा डबा त्यांनी पालथा करून बघितला होता. माझी आई एकदा ऑफिसात आली तर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी त्यांनी तिला विचारलं की ही साडी कुठल्या मागावरची. एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या दहाव्याला आम्ही गेलो, तिथं बसायला दिलेली खुर्चीसुद्धा त्यांनी कलती करून तिच्या पायांखाली नजर टाकली. मी त्यांची बाही ओढली तेव्हा ते ओशाळले. "चुकलं माझं," म्हणाले, आणि मग तासभर अगदी ताठ बसून राहिले.

एकटेच राहायचे, गिरगावात फणसवाडीतल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. लग्न केलं नव्हतं. कुणालाही अरे-तुरे करत नसत, शिपायालासुद्धा नाही. पुरवठादाराचा चहा कधी घ्यायचे नाहीत. उलट स्वतःच्या थर्मासमधला चहा त्याला द्यायचे, आणि तो बिचारा घोट घेत असताना त्याच्या मालाच्या चुका एकेक करून काढायचे.

चादरींचं टेंडर असलं की प्रत्येक नमुन्याची एक चादर ते घरी न्यायचे. आठवडाभर रोज धुवायची, गॅलरीत वाळवायची, तिच्यावर झोपायचं. चाळीच्या गॅलरीत सरकारी शिक्क्याच्या पांढऱ्या चादरी रांगेनं लटकलेल्या बघून शेजारच्या काकूंनी मला एकदा हळूच विचारलं होतं, "अगं, यांनी लाँड्री काढलीय का?" सोमवारी साहेब यायचे आणि टिपणी लिहायला बसायचे. 'दुसऱ्या क्रमांकाची चादर चौथ्या धुण्याला विरते. पाचव्या क्रमांकाची टोचते, जखम असलेल्या माणसाला सोसणार नाही.' त्यांच्या टिपण्या लांबलचक असत आणि मराठीत असत. लेखा विभागातून एकदा फाइल परत आली, वर पेन्सिलीनं लिहिलेलं : 'ही टिपणी आहे की पत्र?' साहेबांनी खाली लिहिलं, 'पत्रच आहे. उत्तर यावे.'

शनिवारी सुट्टी असली की ते गिरगावातून चालत निघायचे ते लालबाग-परळच्या गल्ल्यांतून फिरत राहायचे. कुणाचा पट्ट्यांचा कारखाना, कुणाचं पत्र्याच्या बादल्यांचं काम, कुणी जाळीचं कापड विणणारं. आत जाऊन बसायचे, मशीन बघायचे, किती माणसं आहेत ते विचारायचे. गेल्या खेपेला चार होती, आता दोनच का, हेही विचारायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, हा माणूस कुणाला तरी काम मिळवून देण्यासाठी फिरतो, यात याचं काहीतरी असणार. वर्षभरानं तो संशय गेला. कुणी चुकीचा माल दिला की ओळखीच्या माणसालाही ते परत पाठवायचे, आणि परत पाठवताना का पाठवतोय ते कागदावर चित्र काढून समजावायचे.

एकदा मी त्यांना स्पष्टच विचारलं. "साहेब, आपल्याला काय करायचंय? स्वस्तात स्वस्त येईल ते घ्यावं. कुठं का होईना झालेलं."

ते रागावले नाहीत. थर्मासचं झाकण लावत म्हणाले, "बाई, या शहरात आपल्याएवढ्या चादरी कोण घेतं? एवढ्या खाटा? सरकारएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नाही. आणि नवीन माणसाला आपण काय सांगतो? आधी तीन वर्षांचा अनुभव दाखव, मग ऑर्डर देतो. अहो, ऑर्डरशिवाय त्याला अनुभव येणार कुठून? कुणीतरी त्याचं पहिलं गिऱ्हाईक व्हायला नको का?"

मग थोडं थांबून म्हणाले, "आणि थोडं घ्यावं, पण दरवर्षी घ्यावं. एकदा ढीगभर घेऊन मग पाच वर्षं तोंड फिरवलं, की तेवढ्यात तो मेलेला असतो."

मिस्त्री त्यांच्या आयुष्यात आले ते असे. मिस्त्री पूर्वी गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी लालबागच्या एका गल्लीत छोटा गाळा घेतला, एक जुनं लेथ मशीन बसवलं आणि मिळेल ते काम करायला लागले. इस्पितळाच्या चाकाच्या खुर्च्या दुरुस्तीला त्यांच्याकडे जायच्या. मूळचे मालवणकडचे, कमी बोलणारे, हाताच्या बोटांना कायम काळं वंगण. हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर उचलता येते ती रुग्णाची खाट आम्ही तेव्हा बाहेरच्या एका बड्या कंपनीकडून घ्यायचो. बिघडली की सुटा भाग मिळायला महिने लागायचे. मिस्त्रींनी अशा एका मोडक्या खाटेचं सगळं आतलं काम स्वतःच्या लेथवर नवीन करून दिलं. साहेबांनी ते हँडल फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग खाली वाकून खाटेच्या पोटात बघितलं.

"मिस्त्री, अख्खी खाट कराल?"

"करीन की. पण आमच्याकडनं घेतंय कोण?"

साहेबांनी त्यासाठी आठ महिने फाइल चालवली. लहान उद्योगाला अनुभवाच्या अटीतून सूट देता येते असा नियम होता, कुणी वापरत नव्हतं एवढंच. साहेबांनी तो शोधून काढला, त्यावर सोळा पानी टिपणी लिहिली, चार वेळा परत आलेली फाइल चार वेळा वर पाठवली. शेवटी चाळीस खाटांची ऑर्डर निघाली.

टेम्पो आला तो दिवस मला डोळ्यांसमोर दिसतो. मिस्त्री आणि त्यांचे दोन कारागीर स्वच्छ शर्ट घालून आले होते. पहिल्या खाटेला त्यांनी हळदकुंकू लावलं होतं. साहेबांनी चपला काढल्या आणि सगळ्यांदेखत त्या खाटेवर आडवे झाले. म्हणाले, "मिस्त्री, वर घ्या." मिस्त्री हँडल फिरवायला लागले. साहेब हळूहळू वर येत होते. हात पोटावर बांधलेले, तोंडभर हसू. त्यांना तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग तपासणी सुरू झाली. साहेबांचा नियम होता : प्रत्येक खाटेवर वाळूची दोन पोती ठेवायची आणि ती पन्नास वेळा वर, पन्नास वेळा खाली करायची. चाळीसच्या चाळीस. कंटाळवाणं काम. ते स्वतः, मी आणि एक शिपाई, तिघं मिळून करत होतो. शेवटच्या आठ खाटा राहिल्या त्या दिवशी साहेबांना मंत्रालयात बैठकीला बोलावलं. जाताना म्हणाले, "तेवढ्या तुम्ही करून घ्या."

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती आणि सकाळपासून तापलेली होती. आईचे दोन फोन येऊन गेले होते. मी आणि शिपायानं प्रत्येक खाट पाचदा वरखाली केली. सगळ्या छान चालत होत्या. रजिस्टरात मी आठ ओळी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे 'पन्नास' लिहिलं. दुपारी दोनला मी घरी निघाले.

सात आठवड्यांनी पुरुष वॉर्डातली सदतीस क्रमांकाची खाट पडली. म्हणजे तिची वर उचललेली बाजू एकदम खाली आदळली. त्यावर एक आजोबा पेज पीत बसले होते. ऑपरेशन होऊन बरे झालेले, दोन दिवसांनी घरी जाणार होते. गळपट्टीचं हाड मोडलं, खांदा निखळला. पुढे दीड महिना ते तिथंच राहिले. ते शिंपीकाम करायचे. त्यांचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

खाट उघडली तेव्हा आतल्या पितळी नटाचे आटे झिजून सपाट झालेले दिसले. मिस्त्री पांढरेफटक पडले होते. ते नट ते नेहमी शेजारच्या गल्लीतल्या एका ओताऱ्याकडून ओतून घ्यायचे. या ऑर्डरचं काम चालू असतानाच ओताऱ्याची इमारत पाडायला घेतली आणि तो गावी गेला. शेवटच्या काही खाटांसाठी मिस्त्रींनी बाजारातून तयार नट आणले होते. दिसायला तसेच. आत मऊ.

चौकशीला तीन अधिकारी बसले होते. मी फायली घेऊन दाराशी उभी होते. त्यांच्यातल्या एकानं साहेबांना जवळजवळ वाट काढूनच दिली. "पुरवठादारानं नमुन्यापेक्षा हलका माल दिला असं लिहून द्या. विषय संपला."

"हलका माल आला तर तो ओळखायचं काम माझं होतं," साहेब म्हणाले.

"मग सदतीस नंबरची तपासणी कोणी केली? हे अक्षर तुमचं नाही."

"सही माझी आहे."

"अक्षर कोणाचं आहे?"

"अक्षर कारकुनाचंच असतं. तपासणी माझी. चूक माझी."

त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. दारापासून टेबलापर्यंत चार पावलं होती. मी ती चालले नाही. नोकरी जाईल, मुलगी लहान आहे, असं काहीतरी डोक्यात चाललं असेल. आता नीट आठवतही नाही. हातातल्या फायली छातीशी घट्ट धरल्या होत्या, तेवढं आठवतं.

साहेबांची बढती थांबली आणि बदली झाली. अँटॉप हिलला रद्द केलेल्या सामानाचं गोदाम होतं, तिथं. मिस्त्रींचं नाव तरीही काळ्या यादीत गेलंच. दुसऱ्या सरकारी कचेऱ्यांनी त्यांच्याकडचं किरकोळ कामही बंद केलं. दोन वर्षांत गाळा गेला. लेथ कुणीतरी भंगारात नेलं. चाळीसही खाटा वापरातून काढल्या आणि गोदामात पाठवल्या. म्हणजे साहेब होते तिथंच.

मी एकदाच त्या गोदामात गेले, काहीतरी सही घ्यायला. साहेब एका खाटेशेजारी स्टुलावर बसून हँडल फिरवत होते. खाटेवर वाळूची दोन पोती. मांडीवर एक वही. मी आले तरी ते थांबले नाहीत. तोंडातल्या तोंडात मोजत होते. मी सही न घेताच परत फिरले.

पुढे सगळी खरेदी संगणकावर, सरकारी पोर्टलवर गेली. नमुना हातात घ्यायचा नाही, माणूस बघायचा नाही. उलाढालीची अट, अनुभवाची अट, सर्वात कमी दर. मला बढत्या मिळत गेल्या आणि मी साहेबांच्याच खुर्चीत येऊन बसले. फणसवाडीत जायचं मी टाळत होते. दिवाळीला फोन करायचे. ते आवाजात काहीही न आणता मुलीची चौकशी करायचे.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंचा फोन आला, की त्यांना अर्धांगाचा झटका आला आहे, भेटून जा. मी एका रविवारी सकाळी गेले. खोलीत मिस्त्री होते. मला ते अपेक्षित नव्हतं. साहेबांना टेकवून बसवून ते चमच्यानं मऊ भात भरवत होते. काकूंनी बाहेर सांगितलं होतं की ते रोज सकाळी लालबागहून बसनं येतात, अंघोळ घालतात, दाढी करतात, जेवण भरवतात आणि जातात. "सख्खा भाऊ करणार नाही," काकू म्हणाल्या होत्या.

साहेबांचं बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. मी पलंगाच्या कडेला बसले. ठरवून आले नव्हते. मिस्त्रींच्या हातातला तो चमचा बघितला आणि बोलायला लागले. आठ खाटा, पाच फेऱ्या, पन्नास लिहिलेलं, दुपारी दोनला घरी गेलेलं. सगळं सांगितलं. मला वाटत होतं साहेबांना धक्का बसेल.

साहेब म्हणाले, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. चारला परत आलो. तुम्ही गेला होतात. आठ खाटा, पन्नास फेऱ्या... दुपारपर्यंत होत नाहीत. मोजून बघितलं मी मनात." ते दम घ्यायला थांबले. "पोत्यांतली वाळू ओली होती. उचलवेना. मीही दमलो होतो. म्हटलं, बाकीच्या बत्तीस चांगल्या निघाल्या. सही केली."

मिस्त्रींचा हात ताटलीवरच थांबला होता.

"गोदामात मी त्या उरलेल्या सात केल्या," साहेब म्हणाले. आता ते माझ्याशी बोलत नव्हते. मिस्त्रींकडे बघत होते. "तीन खाटांचे नट गेले. एक एकोणिसाव्या फेरीला. दोन तिशीच्या आसपास. पन्नास केल्या असत्या तर सापडलं असतं, मिस्त्री. नुसते नट बदलून घेतले असते. तुमचं काही गेलं नसतं."

 खाली वाडीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

मिस्त्रींनी राहिलेला भात भरवून संपवला. साहेबांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. ताटली, चमचा मोरीत धुतला. मग चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. 

मी रडत होते. साहेबांनी चांगला हात उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "उद्या येणार नाहीत ते. काकूंना सांगून ठेवा, बाई."

पण दुसऱ्या दिवशी मिस्त्री नेहमीच्या वेळी आले. काकूंनीच मला फोनवर सांगितलं. अंघोळ, दाढी, भात, सगळं केलं. त्यानंतर पाच महिने ते रोज आले. फक्त साहेबांशी बोलले नाहीत. आधी दोघं पेपरातल्या बातम्यांवर, गिरणीतल्या जुन्या माणसांवर तासन् तास बोलायचे म्हणे. आता साहेब एकटेच बोलायचे. काहीतरी विचारायचे, वाट बघायचे, मग स्वतःच उत्तर देऊन टाकायचे. मी अधूनमधून जायचे तेव्हा ते मी स्वतः पाहिलं. दाढी करताना मिस्त्री त्यांची हनुवटी दोन बोटांनी इतकी अलगद वर करायचे, आणि डोळे मात्र वस्तऱ्यावरून हलू द्यायचे नाहीत.

शेवटच्या आठवड्यात साहेब त्यांना म्हणाले होते, "मिस्त्री, शिवी तरी द्या." काकू दारात होत्या. मिस्त्रींनी त्यांची उशी सारखी केली, एवढंच.

चंदनवाडीच्या स्मशानात आम्ही अकरा-बारा माणसं होतो. चाळीतले काही, ऑफिसातले निवृत्त झालेले दोघं, मी. मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. सगळं आटोपल्यावर लोक पांगले आणि ते रस्त्याकडे चालायला लागले. मी मागून गेले.

"मिस्त्री, थांबा जरा. तुमची काळ्या यादीची मुदत केव्हाच संपलीय. खाटांचं नवीन टेंडर काढतेय मी. लहान उद्योगाला अनुभवाच्या अटीतून सूट घातलीय त्यात. तुमच्या जुन्या कारागिरांपैकी कुणी असेल, गाळा भाड्यानं मिळत असेल, तर अर्ज करा. कागदपत्रं मी समजावून देईन."

ते थांबले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. हात आता स्वच्छ होते, बोटांवर वंगण नव्हतं.

"आणि तपासणी कोण करणार?" त्यांनी विचारलं.

टोचून नाही विचारलं. खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्यांना. एखादा कारागीर काम घेण्याआधी विचारतो तसं.

खरेदी अधिकारी मीच होते. तपासणी मीच करणार होते. तेवढं सांगायला माझं तोंड उघडेना.

ते थोडा वेळ उभे राहिले. मग लालबागची बस आली, तिचा नंबर त्यांनी डोळे बारीक करून वाचला आणि दांडी धरून आत चढले.